मानमंदिरातली बदकं पायमोज्यावर

मोजा विणायला शिकायचं असेल तर पहिला जोड एकाच रंगाचा विणा, आणि तो रंग फिकट असू द्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके नीट दिसत नाहीत, दिव्याखाली तर मुळीच नाही. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून नक्षी हवी असते आणि मी प्रत्येकाला थोडं थांबवते. टाच कशी वळते हे हाताला एकदा कळलं, की दोन रंग सांभाळणं अवघड राहत नाही. दोन्ही एकदम शिकायला घेतलं तर दोन्ही अर्धवट राहतं.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, दौलतगंजात. शाळेत गणित शिकवते. थंडीत रविवारी दुपारी आमच्या गच्चीवर विणणारी मंडळी जमतात: शेजारच्या काकू, त्यांची सून, कॉलेजातल्या दोन मुली, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि माझी आत्या, जिच्या सुया बोलतानाही थांबत नाहीत. जानेवारीत इथे दाट धुकं पडतं, पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि जुन्या घरांच्या फरश्या अशा गार पडतात की मोज्यांशिवाय पाय टेकवत नाही. त्यामुळे ज्या गावात मोजे खरोखर वापरले जातात तिथूनच मी हे लिहिते आहे.

लोकर आणि सुया

मोज्यासाठी बारीक लोकर लागते. खास मोज्यांची म्हणून जी लोकर मिळते तिच्यात साधारण 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन असतं. शंभर ग्रॅमच्या लडीत सुमारे 400 मीटर धागा येतो आणि त्यात मोठ्या माणसाचा एक जोड होतो. नायलॉन हवंच, नाहीतर टाच आणि अंगठा लवकर झिजतो. बाडा म्हणजे आमचा बाजाराचा चौक, त्याच्या आसपासच्या दुकानांत वर्धमान, ओसवाल यांची लोकर भरपूर असते, पण त्यात ॲक्रिलिक जास्त. सरावाच्या पहिल्या जोडासाठी त्यातलीच बाळांच्या कपड्यांची बारीक लोकर घ्या, ती स्वस्त पडते. दुसऱ्या जोडापासून मात्र खरी लोकर मागवा. ॲक्रिलिकमध्ये पायाला घाम येतो, शिवाय त्याचा धागा गुळगुळीत असल्यानं दोन रंगांचं काम करताना टाके एकमेकांना धरून राहत नाहीत.

सुया दोन्ही बाजूंनी टोकदार, पाचच्या संचातल्या घ्या. आपल्याकडच्या दुकानांत अजून जुने नंबर चालतात आणि तिथे नंबर वाढला की सुई बारीक होते, हे लक्षात ठेवा: 12 नंबर म्हणजे 2.75 मिलिमीटर, 13 म्हणजे 2.25, 14 म्हणजे 2. मोज्याला 13 नंबर. लांब तारेच्या गोल सुईवरही मोजा होतो आणि कॉलेजातल्या मुली तसाच विणतात, पण शिकताना मला पाच सुयाच बऱ्या वाटतात. चार सुयांवर टाके सारखे वाटलेले असतात, त्यामुळे टाच कुठे आणि पावलाचा वरचा भाग कुठे, हे नजरेसमोर राहतं.

आधी हिशेब

हा भाग बहुतेक जण टाळतात. मला तो सगळ्यात आवडतो.

बोटांच्या मागे, पाऊल जिथे सर्वांत रुंद असतं तिथला घेर मोजा. समजा तो 23 सेंटिमीटर आला. मोजा पायाला चिकटून बसायला हवा, म्हणून त्यातून दहावा हिस्सा कमी करा. राहिले साधारण 21. आता त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर एक चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या दहा सेंटिमीटरमधले टाके मोजा. 30 आले तर एका सेंटिमीटरला तीन. 21 गुणिले 3 म्हणजे 63, आणि चारनं भाग जायला हवा म्हणून 64. पुढचं सगळं मी 64 धरून सांगते. तुमचा आकडा 56 किंवा 60 आला तर प्रमाण तेच ठेवा.

चौकोन धुतल्याशिवाय मोजू नका. लोकर पाण्यात फुलते, कधी सैलावते, आणि मोजा तर पुढे धुतला जाणारच आहे.

घोट्यापर्यंत

64 टाके सैल हातानं घाला. हात घट्ट असेल तर दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला आणि मग एक सुई काढून घ्या. वरची कड घट्ट झाली तर मोजा टाचेवरून चढत नाही. चार सुयांवर सोळा-सोळा वाटा, टाक्यांची कड कुठेही पिळलेली नाही हे टेबलावर पसरून पाहा आणि पाचव्या सुईनं गोल विणायला लागा. दोन सुलट, दोन उलट अशी पाच सेंटिमीटरची कड, मग सगळे सुलट. एकूण 15 सेंटिमीटर झाले की घोटा आला.

एका सुईवरून दुसरीवर जाताना मध्ये शिडीसारखी फट पडते. नव्या सुईवरचा पहिला टाका कितीही ओढला तरी ती पुरती जात नाही. पहिला विणून झाल्यावर दुसरा टाका विणताना धागा ओढायचा, तेव्हा दोन्ही नीट बसतात. ही आत्याची शिकवण.

टाच

टाच निम्म्या टाक्यांवर होते. 32 टाके एका सुईवर घ्या, उरलेले 32 दोन सुयांवर स्वस्थ राहू द्या, ते पावलाच्या वरच्या भागाचे. आता गोल नाही, सरळ ओळीत जा-ये करायची. सुलट बाजूला एक टाका न विणता उतरवा, एक सुलट विणा, असं शेवटपर्यंत. उलट बाजूला पहिला टाका न विणता उतरवा, बाकीचे सगळे उलट. अशा 32 ओळी. न विणलेल्या टाक्यांच्या मागून धागा जातो, म्हणून ही पट्टी दुहेरी जाड होते आणि जिथे मोजा सर्वांत जास्त घासतो नेमकी तिथेच ती येते. लोकरीत नायलॉन नसेल तर या पट्टीत शिवणाचा नायलॉनचा धागा लोकरीबरोबर धरून विणा.

मग टाचेची वाटी. सुलट बाजूनं: एक टाका उतरवा, 16 सुलट, नंतरचे दोन टाके एकेक करून उतरवून मागच्या बाजूनं एकत्र विणा, एक सुलट, आणि इथेच वळा. सुईवर 12 टाके तसेच राहिलेले दिसतील, त्यांना हात लावू नका. उलट बाजूनं: एक उतरवा, 3 उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, वळा. आता या बाजूलाही 12 उरलेत. पुढच्या ओळीत एक उतरवा, 4 सुलट, फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन एकत्र, एक सुलट, वळा. प्रत्येक ओळीत मधला आकडा एकानं वाढतो, फट दिसत राहते, आणि एकत्र विणायचे दोन टाके नेहमी त्या फटीवरच येतात. हे एकदा दिसलं की ओळी मोजायची गरज उरत नाही. दोन्हीकडचे बारा-बारा संपले की सुईवर 18 टाके राहतात आणि मधोमध एक खोलगट वाटी तयार झालेली असते.

पहिल्यांदा ही वाटी विणताना शेजारी कोणीतरी बसलेलं असावं, असं मी आग्रहानं सांगते. हातात अर्धवट काम असताना ते चुकल्यासारखं दिसतं, टाके उरलेले, ओळ मध्येच सोडलेली, आणि माणूस घाबरून उसवायला लागतो. आमच्याकडे नवीन माणसाच्या टाचेच्या दिवशी काकू आपलं काम बाजूला ठेवून त्याच्याजवळ जाऊन बसतात. त्या फार काही सांगत नाहीत, फक्त "हं, वळा आता" एवढंच म्हणतात.

वाटी झाली की पट्टीच्या दोन्ही कडांवरून टाके उचलायचे. ओळीच्या सुरुवातीला न विणता उतरवलेल्या टाक्यांची साखळी कडेला दिसते, तिच्या प्रत्येक कडीतून एक, म्हणजे एका बाजूला 16. कोपऱ्यात भोक पडू नये म्हणून तिथे एक जादा उचला आणि पुढच्या फेरीत तो शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणून टाका. आता एकूण 18 आणि 16 आणि 16 आणि वरचे 32, म्हणजे 82. पुन्हा गोल विणायचं आणि एकाआड एक फेरीत दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करत 64 वर यायचं. 18 टाके कमी करायचे, दर वेळी दोन, म्हणजे घटवण्याच्या नऊ फेऱ्या. दोन्ही बाजूंना सदऱ्याच्या बगलेला असते तशी तिकोनी कळी पडते, आम्ही तिला कळीच म्हणतो.

पंजा

पाऊल सरळ विणत जा. अंगठ्याच्या टोकाला पाच सेंटिमीटर कमी असताना थांबा. वरचे 32 आणि खालचे 32 यांच्या दोन्ही टोकांना एकेक, असे फेरीत चार टाके कमी करा. आधी एकाआड एक फेरीत, 32 उरेपर्यंत. मग प्रत्येक फेरीत, 16 उरेपर्यंत. आठ टाके एका सुईवर, आठ दुसरीवर, आणि ते शिवणाच्या जाड सुईनं जोडायचे. सुरुवातीला पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यात उलट विणतो तशी सुई घालून टाका तसाच ठेवा, मागच्या सुईच्या पहिल्या टाक्यात सुलट विणतो तशी घालून ठेवा. मग पुढे: सुलट सोड, उलट ठेव. मागे: उलट सोड, सुलट ठेव. आमच्या गच्चीवर एकाचा पंजा जोडायचा असला की बाकीचे हे एका लयीत म्हणतात आणि हात आपोआप चालतो. टाके बांधून टाकण्याचा सोपा मार्ग घेऊ नका. बोटांवर गाठ येते आणि बुटात ती दिवसभर टोचत राहते.

आता दोन रंग

एक जोड पुरा झाला, घालून झाला, धुऊन झाला, की रंगाला हात घाला. मोज्यांचं आणि रंगकामाचं नातं फार जुनं आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या विणकामाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत पांढऱ्या आणि निळ्या सुताचे नक्षीदार मोजे आहेत, आणि ते अनेक शतकांपूर्वीचे आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला फेअर आयल नावाचं इवलंसं बेट आहे, तिथली रीत अशी की कपड्यात रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलच्या बायका रंगीत भौमितिक नक्षीचे मोजे विणतात, त्यांना 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 1905 मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात सुरू झालेला आपला ग्वाल्हेरचा मेळा दर थंडीत भरतो. तिथे लोकरीच्या दुकानांत हातानं विणलेली रंगीत टोपी किंवा मोजा दिसला, तर विचारून तो उलटा करून पाहा. आतल्या बाजूला धागे कसे आडवे गेलेत, ते एकदा पाहिल्यावर बरंच काही आपोआप समजतं.

कारण सगळी कला त्या आतल्या आडव्या धाग्यांत आहे. एक रंग विणला जात असताना दुसरा मागून जातो. तो ताणला गेला तर मोजा आखडतो, नक्षी सुरकुतते आणि टाचेवरून चढत नाही. म्हणून रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे विणलेले टाके बोटांनी पसरवून घ्या आणि मगच दुसरा धागा उचला. त्याहून चांगला उपाय म्हणजे मोजा आतली बाजू बाहेर करून धरायचा आणि पलीकडच्या सुयांवर विणायचं. आडवे धागे मग बाहेरच्या, मोठ्या घेरावरून जातात आणि आपोआप थोडे लांब राहतात. घट्ट हाताच्या माणसाला यासारखं औषध नाही.

आडवा धागा पाच टाक्यांपेक्षा लांब जाऊ देऊ नका, नाहीतर मोजा घालताना बोटं त्यात अडकतात. जास्त जायचंच असेल तर मध्ये एका टाक्यामागे विणायच्या धाग्याला एक वेढा द्या. दर फेरीत हा वेढा त्याच जागी देऊ नका, वरून रेघ दिसते.

आणखी एक गोष्ट, जी लहान वाटते आणि लहान नाही. दोन धाग्यांपैकी एक नेहमी वरून उचलला जातो, एक खालून. खालून येणाऱ्याचे टाके किंचित मोठे दिसतात. नक्षीचा रंग खालून, जमिनीचा, म्हणजे नक्षीमागचा, वरून, आणि हे दोन्ही मोजे संपेपर्यंत बदलायचं नाही. मध्ये चहाला उठलात तर आल्यावर आधी हे तपासा. गजक, म्हणजे आमच्याकडची तिळगुळाची मिठाई, खाल्ली असेल तर हातही धुवा, तो चिकटपणा लोकरीतून सहज निघत नाही.

बदकं

आमच्या मंडळीनं नक्षी बाहेरून घेतली नाही, किल्ल्यावरून घेतली. राजा मानसिंह तोमरानं (राज्यकाळ 1486 ते 1516) बांधलेल्या मानमंदिराच्या भिंतींवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकचकीत फरशांचं काम आहे: हत्ती, मगरी, केळीची झाडं, आणि निळ्यावर पिवळ्या बदकांची एक लांब ओळ. बाबर 1528 मध्ये इथे आला होता, त्यानंही या फरशांवरच्या केळींची नोंद केली आहे. पाचशे वर्षं ती बदकं उन्हापावसात रांगेत उभी आहेत आणि आपण त्यांच्याकडे पाहत पाहत मोठे झालो. मग नॉर्वेच्या विणकामातली चांदणीची नक्षी कशाला?

आलेख कागद घ्या, एक चौकोन म्हणजे एक टाका. ठिपक्यांची रांगोळी ज्यांनी काढली आहे त्यांना हे मुळीच परकं वाटत नाही. आमच्या काकूंनी पेन्सिल हातात घेतली आणि बदक पहिल्याच कागदावर उतरलं. दोन गोष्टी सांभाळा. विणलेला टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून कागदावर बदक थोडं उंच काढा, नाहीतर लोकरीत ते चपटं होतं. आणि पाठीच्या अख्ख्या पिवळ्या भागात मागचा निळा धागा फार लांब जातो, म्हणून पंखाच्या जागी दोनतीन निळे टाके द्या. पंखही दिसतो, धागाही अडकतो. दोन बदकांच्या डोक्यांमधल्या मोकळ्या निळ्यात पिवळा धागा असाच लांबतो, तिथे एक फुलाची कळी किंवा नुसते ठिपके टाका. जुन्या नक्ष्यांत मोकळी जागा का नसते, त्याचं एक कारण हे आहे.

आमचं बदक शेजारच्या मोकळ्या जागेसह बारा टाक्यांत बसतं. मोज्याची कड 64 वर विणून झाली की दर आठ टाक्यांनंतर एक वाढवून 72 करा आणि एक नंबर जाड, म्हणजे 12 नंबरच्या सुया घ्या. बारानं भागलं की सहा बदकं. नक्षीचं विणकाम साध्यासारखं ताणलं जात नाही, म्हणून ही सवलत हवीच. काही फेऱ्यांनंतर मोजा टाचेवरून ओढून पाहा; अडला तर तेव्हाच उसवा. नक्षी संपली की प्रत्येक नऊ टाक्यांतले दोन एकत्र करून परत 64, परत 13 नंबर, आणि पुढे तीच जुनी टाच. टाच आणि पंजा साधाच ठेवा.

मोजा वरून खाली विणला जातो, म्हणून कागद सरळ धरून खालून वाचलात तर पायावर बदकं डोक्यावर उभी राहतील. कागद उलटा फिरवून धरा आणि मग नेहमीसारखं खालून वर, उजवीकडून डावीकडे वाचा. घातल्यावर बदक कागदावर होतं तसंच, त्याच दिशेला तोंड करून दिसेल. दुसऱ्या मोज्यासाठी काका तोच कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरून गिरवून देतात, म्हणजे दोन्ही पायांची बदकं समोरासमोर येतात.

रंग निवडताना दोन्ही गुंडे शेजारी ठेवून फोननं काळा-पांढरा फोटो काढा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर नक्षी उठणार नाही, डोळ्यांना रंग कितीही वेगळे वाटोत. फिरोजी फार फिका असेल तर पिवळ्याबरोबर तो हरवतो. जरा गडद निळा घ्या. गडद रंगाचा वीतभर धागा कोमट पाण्यात पांढऱ्या फडक्यावर ठेवून रंग सुटतो का तेही आधीच पाहा.

आणि लोकर एकट्यानं मागवू नका. नक्षीच्या रंगाची लोकर एका जोडाला वीस-पंचवीस ग्रॅम पुरते, बाकीची पडून राहते. आम्ही चौघं मिळून चार रंग मागवतो, काटा आणून गच्चीवरच वाटून घेतो, आणि एका लडीच्या खर्चात प्रत्येकाकडे चारही रंग येतात. उरलेली लोकर कडुनिंबाच्या वाळक्या पानांबरोबर बंद डब्यात ठेवा म्हणजे कसर लागत नाही. तयार मोजे गार पाण्यात, हातानं, न पिळता धुवा आणि टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. दोरीवर टांगू नका, आडवे पसरून सावलीत वाळवा.